फीच्या पावतीतल्या छोट्या आकड्यांचं होतं काय?

जून-जुलै आला की रायपूरच्या जी. ई. रोडवर गर्दीचा रंगच बदलतो. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ, एनआयटी, सायन्स कॉलेज, सगळं याच एका रस्त्याला लागून. हातात प्लास्टिकचं फोल्डर घेतलेले बाबा, झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी असलेली आई आणि मोबाईलवर फॉर्म भरत बसलेली मुलं. दुर्ग, राजनांदगावचीच नाही, तर गोंदियाकडची मराठी कुटुंबंही यात असतात, कारण रेल्वेने रायपूर त्यांना जवळ पडतं.

या गर्दीत एकच प्रश्न सारखा ऐकू येतो, ‘‘फी किती आहे हो?’’ एकदा आकडा कळला की पैशांची जुळवाजुळव सुरू होते. त्या आकड्यात काय काय आहे हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पावती मिळते, घडी घालून फाईलमध्ये जाते आणि पदवी हातात येईपर्यंत तिथेच राहते.

ती पावती एकदा बाहेर काढा. शिक्षण शुल्क म्हणजे ट्यूशन फी हा त्यातला एक भाग. त्याच्याखाली लहान लहान रकमांची रांग असते : ग्रंथालय, क्रीडा, वैद्यकीय, विद्यार्थी कल्याण, ओळखपत्र, स्नेहसंमेलन, युवा रेडक्रॉस, निर्धन विद्यार्थी सहाय्य, विमा, सायकल स्टँड. कुठे दहा रुपये, कुठे पन्नास, कुठे दोनशे. खासगी विद्यापीठात हेच आकडे हजारांत जातात. ट्यूशन फी वर्गातल्या शिकवण्यासाठी असते. तुमचं मूल वर्गाबाहेर आजारी पडलं, घाबरलं, अडचणीत आलं, तर त्या वेळी ज्या सोयी धावून यायला हव्यात, त्यांचा खर्च या छोट्या रकमांतून निघतो. निदान निघायला हवा.

जनभागीदारी म्हणजे काय?

छत्तीसगढमधल्या सरकारी कॉलेजात मूल असेल, तर पावतीवर ‘जनभागीदारी शुल्क’ हा शब्द दिसेलच. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पालकांना तो बुचकळ्यात पाडतो. ही पद्धत मध्य प्रदेशात १९९६ मध्ये सुरू झाली. तेव्हा छत्तीसगढ त्याच राज्याचा भाग होता, म्हणून २००० साली राज्य वेगळं झाल्यावरही ती इथे चालू राहिली. प्रत्येक सरकारी कॉलेजात एक जनभागीदारी समिती असते. ती नोंदणीकृत संस्था असते आणि तिच्यात लोकप्रतिनिधी, स्थानिक नागरिक आणि प्राचार्य असतात. विद्यार्थ्यांकडून गोळा झालेली रक्कम सरकारी तिजोरीत न जाता या समितीच्या खात्यात जमा होते आणि कॉलेजातच खर्च होते.

यातून काय होतं? पिण्याच्या पाण्याची सोय, शौचालयांची दुरुस्ती, प्रयोगशाळेचं सामान, रात्रीचा चौकीदार आणि मंजूर पदं रिकामी असतील तेव्हा तात्पुरत्या माणसांचं मानधन. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसलं असतं तर जी कामं दोन वर्षं रखडली असती, ती इथे एका ठरावाने होतात. पद्धत म्हणून मला ही चांगली वाटते. पैसा जिथला, तिथेच लागतो.

पण तिचा एक कमकुवत भागही आहे. सरकारने भरायला हवी अशी पदं जेव्हा मुलांच्या फीतून चालवली जातात, तेव्हा दवाखाना, समुपदेशन, खेळ यांच्या वाट्याला उरतं ते शिल्लक. समितीच्या बैठकीत नळ आणि छप्पर यांचा विषय आधी निघतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. रात्रभर न झोपलेली मुलगी कुणाला दिसत नाही.

चार आण्यांचा धडा रायपूरला नवा नाही

थोडंसं विषयांतर. रायपूरच्या लाखे नगरमधून जाताना ते नाव कुणाचं, हे इथल्या मराठी मुलांना विचारून पाहा. वामनराव लाखे हे इथले मराठी गृहस्थ. माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं, त्यात त्यांची साथ होती. छत्तीसगढमध्ये सहकारी चळवळ रुजवली तीही त्यांनीच. रायपूरची सहकारी बँक १९१३ मध्ये उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. शेतकऱ्याने थोडं थोडं टाकायचं, ज्याला गरज पडेल त्याने घ्यायचं आणि हिशेब सगळ्यांसमोर ठेवायचा.

विद्यार्थी कल्याण निधीही नेमका याच तत्त्वावर चालतो. चार हजार मुलं पैसे भरतात, त्यातली चारशेच दवाखान्यात जातात आणि चाळीसच समुपदेशकाकडे. बाकीच्यांचे पैसे वाया गेले का? मुळीच नाही. पुढच्या सेमिस्टरला त्या चाळिसांत कोण असेल, हे आज कुणालाच सांगता येत नाही. फरक इतकाच, की सहकारी संस्थेत सभासद हिशेब मागतो. कॉलेजात तो कुणी मागत नाही.

आकडेमोड करून पाहू

समजा, एका कॉलेजात ५,००० विद्यार्थी आहेत आणि वैद्यकीय शुल्क वर्षाला ३० रुपये आहे. जमा होतात दीड लाख. महिन्याला साडेबारा हजार. एवढ्यात पूर्णवेळ डॉक्टर मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवस तासभर येणारे डॉक्टर आणि पॅरासिटामॉल, मलमपट्टी, ओआरएसची पाकिटं असलेलं कपाट मिळतं. मग मुलं म्हणतात, ‘‘दवाखाना नावालाच आहे.’’ खरं आहे. शुल्कही नावालाच आहे.

आता समुपदेशकाचा हिशेब करू. महिन्याला ४० हजार पगार धरला, तर वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात. ५,००० मुलांत वाटले तर प्रत्येकी ९६ रुपये. महिन्याला आठ रुपये, म्हणजे एका समोशाहून कमी. पण एक समुपदेशक ५,००० मुलांना पुरणार नाही. हजार मुलांमागे एक हवा असेल, तर माणशी वर्षाला ४८० रुपये लागतील. हेही काही घरांसाठी सोपं नाही, पण बहुतेक घरांत महिन्याच्या मोबाईल रिचार्जपुरतेच ते आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की फी वाढली म्हणून लगेच ओरडू नका. कशासाठी वाढली ते आधी विचारा. ‘विकास शुल्क’ या गोलमाल नावाखाली दोन हजार वाढले असतील, तर जरूर जाब विचारा. पण वसतिगृहात रात्री नर्स ठेवण्यासाठी दोनशे वाढले असतील, तर ते पैसे बहुधा योग्य जागी चालले आहेत.

रायपूरमधलंच आणखी एक उदाहरण पाहा. जी. ई. रोडवरचं नालंदा परिसर हे २०१८ मध्ये सुरू झालेलं चोवीस तास उघडं असणारं वाचनालय. ते कुठल्याही कॉलेजचं नाही. सदस्य शुल्क भरून मुलं तिथे रात्री दोन वाजताही अभ्यासाला बसतात. स्वच्छ प्रसाधनगृह, वीज, सुरक्षित जागा आणि टेबलखुर्ची. आपल्या कॉलेजात ग्रंथालय शुल्क भरूनही मुलं इथे वेगळे पैसे का भरतात, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. शुल्काच्या बदल्यात काय मिळतंय ते त्यांना इथे समोर दिसतं.

जेव्हा फी होती, पण कॅम्पसच नव्हता

वीस वर्षांपूर्वी याच रायपूरने देशाला एक धडा दिला होता. आज कॉलेजला जाणाऱ्या मुलांना तो ठाऊक नाही, पालकांच्याही तो विस्मरणात गेला आहे.

२००२ मध्ये छत्तीसगढ सरकारने खासगी विद्यापीठांसाठी एक कायदा केला. त्यात राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ जन्माला यायचं. जमीन आहे का, इमारत आहे का, शिक्षक आहेत का, हे पाहण्याची नीट सोयच नव्हती. थोड्याच काळात विद्यापीठांची संख्या ११२ वर गेली. त्यातली अनेक एका खोलीतून चालत होती. बाहेर पाटी विद्यापीठाची, आत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि फी घेणारा माणूस. ग्रंथालय नाही, वसतिगृह नाही, मैदान नाही, दवाखाना तर दूरच.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली सगळी विद्यापीठं एका दिवसात संपली. शिकत असलेल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था राज्यातल्या आधीच्या सरकारी विद्यापीठांशी जोडण्याचा प्रयत्न करावा, असंही न्यायालयाने सांगितलं. कागदावर हे एक वाक्य आहे. ज्या घरांनी जमीन गहाण ठेवून फी भरली होती, त्यांनी ते महिने कसे काढले असतील याची कल्पना करा.

यानंतर राज्याने नवा कायदा आणला. खासगी विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा विनियामक आयोग रायपूरमध्ये आहे आणि तिथे विद्यार्थी-पालक तक्रार करू शकतात. पण सवय म्हणून एक गोष्ट पालकांनी आजही पाळावी. खासगी संस्थेत प्रवेश घेण्याआधी कॅम्पसमध्ये स्वतः फिरून या. ब्रोशरमधला स्विमिंग पूल पाहण्यापेक्षा दवाखान्याचं दार उघडं आहे का आणि आत कुणी बसलेलं आहे का, ते पाहा.

समुपदेशक आता मर्जीचा विषय राहिलेला नाही

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. हे कॉलेजांना लागू आहे, विद्यापीठांना आहे आणि कोचिंग क्लासेसनाही आहे.

म्हणजे ‘‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’’ हे उत्तर आता चालत नाही. प्रवेशाच्या वेळी विचारा : समुपदेशक कोण आहेत, कुठे बसतात, कोणत्या वेळेत भेटतात? ‘‘मानसशास्त्राचे सर बघतात’’ असं उत्तर आलं तर पुढे विचारा, की त्यांच्या तासिका कमी केल्या आहेत का? चार वर्ग शिकवून थकलेल्या प्राध्यापकांनी पाचवं काम म्हणून मुलांची घुसमट ऐकायची, हे मुलांवर अन्याय करणारं आहे आणि त्या प्राध्यापकांवरही.

कॉलेजात कुणीच नसेल तरी मुलांच्या फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करून ठेवा. टेलि-मानस १४४१६ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. रॅगिंगविरुद्धची राष्ट्रीय हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आहे. या दोन्हीसाठी कुठलंही शुल्क नाही.

फी माफ झाली, मग हे पैसे कसले?

इथे अनेक घरांत गोंधळ होतो. एनआयटीचं उदाहरण घ्या. बी. टेक.ची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाहून कमी असेल तरीही पूर्ण माफ आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. पण ही माफी फक्त ट्यूशन फीची. वसतिगृह, मेस, वैद्यकीय, विमा, विद्यार्थी उपक्रम यांचे पैसे वेगळे भरावे लागतात.

महाराष्ट्रातही हेच आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के सवलत जाहीर केली. ‘मुलींना मोफत शिक्षण’ अशी त्याची बातमी झाली. प्रत्यक्षात ही सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. नागपूरला मुलीला पाठवलेल्या बापाच्या हातात जेव्हा ‘इतर शुल्क’ लिहिलेली पावती पडते, तेव्हा आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं. फसवणूक नसते, पण हे आधीच सांगायला हवं होतं हेही तितकंच खरं.

आणि खरी पंचाईत इथेच आहे. ज्या मुलाला दवाखान्याची, मेसमधल्या सवलतीची, समुपदेशनाची सगळ्यात जास्त गरज असते, त्यालाच हे ‘इतर शुल्क’ भरणं सगळ्यात जड जातं. निर्धन विद्यार्थी सहाय्य निधी याचसाठी असतो. तो मागायला लाज वाटते म्हणून मुलं अर्ज करत नाहीत. मुलाला सांगा, की तुझ्या पावतीवरही त्या निधीचे पैसे घेतलेले आहेत. तू स्वतःच वर्गणी भरलेल्या निधीतून मागतो आहेस.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा, वसतिगृह ही शुल्कंही कर्जात धरता येतात, विम्याचा हप्तासुद्धा. परत मिळणारं डिपॉझिट आणि इमारत निधी यांसाठी मात्र बँका साधारणपणे एकूण ट्यूशन फीच्या दहा टक्क्यांपर्यंतच रक्कम देतात.

विम्याची ओळ वाचा

पावतीतली सगळ्यात दुर्लक्षित ओळ विम्याची. वीस, पन्नास, कधी दोनशे रुपये कापले जातात. मूल स्कूटीवरून पडतं, हात मोडतो, घरचे पंचवीस हजार खर्च करतात आणि विमा होता हे कुणाला आठवतही नाही. कॉलेज स्वतःहून सांगत नाही, कारण तिथल्या क्लार्कलाही तो पॉलिसीचा कागद शोधावा लागतो.

प्रवेशाच्या आठवड्यातच तीन गोष्टी लिहून घ्या. विमा कंपनी कोणती, पॉलिसी नंबर काय आणि अपघातानंतर किती दिवसांत कळवायचं. बहुतेक वेळा हा फक्त अपघात विमा असतो, डेंग्यू किंवा टायफॉईड झाल्यास उपयोगी पडत नाही, म्हणून तेही विचारून घ्या. रक्कम योग्य आहे का हे तपासायला एक सोपी फूटपट्टी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ वर्षांवरच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. कॉलेज याच्या दहापट घेत असेल, तर त्यात उपचाराचा खर्च धरलेला असायला हवा.

ऑस्ट्रेलियाने काय केलं?

मेलबर्न, सिडनीला शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या पावतीवरही अशीच एक रक्कम असते. तिथे तिला विद्यार्थी सेवा आणि सुविधा शुल्क म्हणतात. त्याची कहाणी रंजक आहे. पूर्वी तिथे विद्यार्थी संघटनेची वर्गणी सक्तीची होती. २००५ मध्ये कायदा करून ती सक्ती काढून टाकली. मुलांचे पैसे वाचले, पण अनेक विद्यापीठांत समुपदेशन, कायदेशीर सल्ला, पाळणाघर, खेळ यांना कात्री लागली. शेवटी २०११ मध्ये नवा कायदा करून २०१२ पासून शुल्क परत आणलं, पण या वेळी तीन अटींसह.

एक, कमाल मर्यादा सरकार ठरवणार. ती २०१२ मध्ये २६३ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, २०२५ मध्ये ३६५. दोन, पैसे कशावर खर्च करता येतील त्याची यादी कायद्यातच दिली. आरोग्य, निवास, नोकरीविषयक सल्ला, अभ्यासातली मदत वगैरे त्यात आहे, राजकीय पक्षाला मात्र एक डॉलरही देता येत नाही. तीन, २०२५ पासून या रकमेतला किमान ४० टक्के वाटा विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संस्थांना द्यायचा. आपल्याकडे पहिली दोन कलमं जरी आली, तरी ‘विकास शुल्क’ नावाच्या पोत्यात सगळं कोंबणं बंद होईल.

विचारायचं कुणाला?

विद्यार्थी तक्रार निवारणाबाबतचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम सांगतात, की प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपत्रक वेबसाईटवर टाकायला हवं आणि त्यात फीचा प्रत्येक घटक वेगळा दाखवायला हवा. एकच गोळाबेरीज दिली असेल तर तो नियमभंग आहे. त्यावर आणि इतर तक्रारींवर संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात.

सरकारी कॉलेजात माहितीच्या अधिकाराचा साधा अर्जही पुरेसा असतो. त्यात भाषण नको, एकच प्रश्न लिहा : मागच्या आर्थिक वर्षात वैद्यकीय शुल्कापोटी किती जमा झाले आणि कशावर किती खर्च झाले? अर्ज करायला मुलाला पुढे करू नका. त्याला तिथे परीक्षा द्यायची असते. पालकांनी करावा किंवा चार-पाच पालकांनी मिळून प्राचार्यांना आधी भेटावं. बऱ्याचदा प्राचार्यांनाच असं कुणीतरी विचारायला हवं असतं, म्हणजे समितीपुढे त्यांनाही विषय काढता येतो.

आणि शेवटच्या वर्षी एक गोष्ट विसरू नका. कॉशन मनी. हिंदी पावतीवर तिला ‘अवधान राशि’ लिहिलेलं असतं. ती फी नाही, तुमची ठेव आहे. ग्रंथालयाची पुस्तकं परत केली, प्रयोगशाळेचं ‘नो ड्यूज’ घेतलं की ती परत मिळते. त्यासाठी मूळ पावती आणि बँक खात्याचा तपशील लागतो. मुलं टीसी आणि मार्कशीट घेऊन निघून जातात, पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागतात आणि पाचशे-हजारासाठी परत कोण येणार म्हणून सोडून देतात. ‘नो ड्यूज’च्या सह्या घेत फिरायचंच असतं, त्याच दिवशी हाही अर्ज देऊन टाका.